बरगंडीच्या बाटलीवरील नाव आणि तिची किंमत

फ्रान्समधील एखाद्या जुन्या मद्यविक्रेत्याच्या दुकानात फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्यांची कल्पना करावी. दोन्हींचा उत्पादक एकच, साल एकच आणि द्राक्षाची जातही एकच. एकीच्या लेबलावर ‘झेव्रे-शांबेर्तां’ असे नाव आहे, दुसरीवर नुसते ‘शांबेर्तां’. फरक एका पदाचा. परंतु दुसऱ्या बाटलीची किंमत पहिलीच्या कित्येक पट असते. भाषेच्या नित्याच्या अनुभवाशी हे विसंगत वाटते. नामाला पदे जोडत गेले की त्याची व्याप्ती आटते आणि निर्दिष्ट वस्तू अधिकाधिक विशिष्ट होत जाते, असे आपण समजतो. येथे मात्र पद गळाले की वस्तू दुर्मिळ होते आणि महागही होते.

हा चमत्कार नसून एका व्यवस्थेचा परिणाम आहे. बरगंडीतील (फ्रेंच उच्चार ‘बुर्गोन्य’) प्रतिष्ठित वाइनची किंमत प्रथमतः तिच्या नावाच्या रचनेवरून ठरते. त्यामुळे हा विषय अर्थशास्त्राइतकाच नामविचाराचाही आहे. मात्र त्या नावातील सर्व घटकांमागे सारखी हमी नसते. काही घटकांची हमी कायदा देतो, काहींची उत्पादकाची कीर्ती देते, तर काहींसाठी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. दुकानात वा भोजनगृहात पैसे मोजणाऱ्याने हा भेद ओळखणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात या घटकांचा क्रमाने विचार केला आहे.

१. शेताचे नाव

दिझों शहरापासून दक्षिणेकडे, बोन हे गाव ओलांडून, सुमारे पन्नास किलोमीटर लांबीची एक अरुंद उतरण पसरली आहे. तिला ‘कोत दोर’ म्हणतात. तांबड्या वाइनसाठी पिनो न्वार व पांढरीसाठी शार्दोने या दोनच द्राक्षजातींना येथे मुख्य स्थान आहे. १३९५ मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने गामे नावाच्या भरघोस पिकणाऱ्या जातीविरुद्ध फर्मान काढले होते. गुणासाठी पीक कमी घ्यावे, ही कल्पना तेथे किती जुनी आहे हे त्यावरून दिसते.

द्राक्षाची जात सर्वत्र एकच असल्याने वाइन-वाइनमधला भेद जमिनीवर आणून ठेवण्यात आला. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो मठाच्या व इतर मठांच्या साधूंनी, आणि पुढे तेथील शेतकऱ्यांनी, या उतरणीचे बारीक तुकडे पाडून त्यांना नावे दिली. अशा नामांकित तुकड्याला ‘क्लिमा’ म्हणतात. सामान्य फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ हवामान; बरगंडीत त्याचा अर्थ सीमाबद्ध शेत. अर्थसंकोचाचे हे नमुनेदार उदाहरण होय. २०१५ मध्ये युनेस्कोने या उतरणीवरील १,२४७ क्लिमांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

या नावांत फारसे काव्य नाही. ‘पेरियेर’ म्हणजे दगडाच्या खाणी, ‘क्लो’ म्हणजे भिंतीने वेढलेला मळा. ‘शांबेर्तां’ हे ‘बेर्तांचे शेत’ या शब्दसमूहाचे संक्षिप्त रूप असल्याची परंपरागत व्युत्पत्ती आहे. शेतकऱ्याच्या नित्याच्या बोलीतील ही स्थलनामे आज जगातील अत्यंत महाग शब्दांत गणली जातात.

२. चार पायऱ्या

१९३५ च्या फ्रेंच कायद्याने उगमस्थानदर्शक नामाभिधानांना संरक्षण दिले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बरगंडीच्या नामाभिधानांची व्यवस्था आकाराला आली. तिच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खाली प्रदेशाचे नाव : ‘बुर्गोन्य’. त्यावर गावाचे नाव : ‘झेव्रे-शांबेर्तां’, ‘मर्सो’, ‘वोन-रोमाने’. त्याच्या वर ‘प्रमिये क्रू’, म्हणजे गावाचे नाव आणि जोडीला मान्यताप्राप्त क्लिमाचे नाव. सर्वांत वर ‘ग्रां क्रू’. येथे क्लिमाचे नाव एकटेच उभे राहते, गावाचे नाव गळते. कोत दोरच्या बाहेरील शाब्ली हा याला अपवाद. तेथील ग्रां क्रूच्या लेबलावर शाब्ली हे नाव कायम राहते. संपूर्ण बरगंडीत ग्रां क्रू नामाभिधाने ३३ आहेत आणि एकूण उत्पादनात त्यांचा वाटा साधारण एका टक्क्याच्या आसपास आहे. निम्म्याच्या आसपास उत्पादन तळच्या प्रादेशिक पायरीवरचे असते.

आरंभीच्या दोन बाटल्यांचे कोडे येथे सुटते. ‘झेव्रे-शांबेर्तां’ हे गाव आहे; ‘शांबेर्तां’ हे त्या गावातील सुमारे १३ हेक्टरांचे एक शेत आहे. पूर्वी गावाचे नाव केवळ ‘झेव्रे’ होते. १८४७ मध्ये गावाने आपल्या विख्यात शेताचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले. इतर गावांनी हाच मार्ग धरला : प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांनी १८७९ मध्ये एकाच ‘मोंराशे’ शेताचे नाव वाटून घेतले, तर मोरे हे गाव १९२७ मध्ये ‘मोरे-सँ-दनी’ झाले. ज्या संयोगचिन्हाला अनभिज्ञ ग्राहक गौरवाची खूण समजतो, ते वस्तुतः उसन्या कीर्तीचे चिन्ह आहे.

पदक्रमालाही मोल आहे. झेव्रेतील नऊ ग्रां क्रूंपैकी ‘शार्म-शांबेर्तां’सारख्या शेतांना ‘शांबेर्तां’ हे पद आपल्या नावानंतरच लावता येते. ‘क्लो द बेझ’ या शेताला मात्र ते आधी लावण्याचा मान आहे : ‘शांबेर्तां-क्लो द बेझ’. इतकेच नव्हे, तर क्लो द बेझची वाइन केवळ ‘शांबेर्तां’ या नावाने विकण्याची मुभा आहे. शांबेर्तांची वाइन क्लो द बेझ म्हणून विकता येत नाही. अक्षरांच्या आकारावरही नियम आहेत. गावपातळीच्या वाइनवर एखाद्या शेताचे नाव छापावयाचे असेल, तर त्याची अक्षरे मुख्य नामाभिधानाच्या अक्षरांच्या निम्म्याहून मोठी असता कामा नयेत. लेबल वाचताना अक्षराच्या आकाराकडे पाहावे ते यासाठी.

आणखी एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ‘प्रमिये’ म्हणजे पहिला. तरीही बरगंडीत प्रमिये क्रू दुसऱ्या पायरीवर आहे. बोर्दो प्रदेशातील १८५५ च्या वर्गवारीत हेच शब्द सर्वोच्च श्रेणीचे वाचक आहेत. सोस्यूरच्या १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील मूल्यकल्पना येथे तंतोतंत लागू पडते. शब्दाचे मूल्य त्याच्या अंगभूत अर्थातून येत नाही. व्यवस्थेतील इतर शब्दांशी असलेल्या त्याच्या भेदातून येते. सोस्यूरने ही कल्पना समजावण्यासाठी नाण्याचाच दृष्टान्त घेतला होता. ‘पहिला’ हा शब्द त्याच्या वर ‘थोर’ हा शब्द येताच दुसरा होतो, आणि हा भेद किमतीच्या चिठ्ठीवर अंकांत उतरतो.

३. उत्पादकाचे नाव

येथवरच्या घटकांची हमी कायदा देतो. परंतु ती हमी जमिनीची असते, वाइनच्या गुणाची नसते. हा भेद क्लो द वूझोच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. सुमारे ५० हेक्टरांचा हा भिंतबंद मळा शतकानुशतके सितो मठाच्या एकहाती मालकीचा होता. राज्यक्रांतीत तो सरकारजमा होऊन विकला गेला. १८०४ च्या नागरी संहितेने वारसांत समान वाटणीचे तत्त्व आणले आणि बरगंडीतील शेते पिढीगणिक विभागत गेली. क्लो द वूझोही १८८९ मध्ये फुटला, आणि आज त्याचे सुमारे ऐंशी मालक आहेत. त्यांतील कोणाच्या वेली उतरणीच्या माथ्यावर आहेत, कोणाच्या खालच्या ओलसर सपाटीत. कोणी मेहनती आहे, कोणी आळशी. तरीही प्रत्येकाच्या लेबलावर तेच ग्रां क्रू नाम असते.

यामुळे कायद्याच्या श्रेणीवर बाजाराने स्वतःची दुसरी श्रेणी रचली आहे. तिचा आधार उत्पादकाचे नाव हा आहे. वोन-रोमाने गावातील ‘क्रो पारांतू’ हे जेमतेम एक हेक्टराचे शेत कायद्याने प्रमिये क्रू आहे. पडीक झालेले हे खडकाळ शेत आंरी झाये या उत्पादकाने दुसऱ्या महायुद्धानंतर सुरुंग लावून पुन्हा लागवडीखाली आणले. आज झायेच्या क्रो पारांतूला अनेक ग्रां क्रूंहून अधिक किंमत पडते. उलट एखाद्या सामान्य उत्पादकाचा ग्रां क्रू एखाद्या निष्णात उत्पादकाच्या गावपातळीच्या वाइनपुढे फिका पडतो. म्हणून जाणकारांचा संकेत असा, की बरगंडीत आधी माणूस वाचावा, मग जमीन.

लेबलावर ‘दोमेन’ हा शब्द असल्यास द्राक्षे उत्पादकाच्या स्वतःच्या ताब्यातील मळ्यांतील आहेत असे समजावे. द्राक्षे वा तयार वाइन विकत घेऊन आपल्या नावाने बाटलीबंद करणाऱ्या व्यापाऱ्यांचा वर्गही मोठा आहे. लुई झादो, झोझेफ द्रुआँ यांसारख्या पेढ्या व्यापार आणि स्वतःची शेती दोन्ही करतात. व्यापाऱ्याची वाइन म्हणजे हलकी, असा निष्कर्ष मात्र काढू नये.

४. साल आणि संख्या

तिसरा घटक साल. एका हेक्टरातून ३५ हेक्टोलिटर वाइन निघाली, तर सुमारे ४,६०० बाटल्या होतात; ग्रां क्रूंच्या उत्पादनाची कायदेशीर मर्यादा याच सुमाराची आहे. रोमाने-कोंती हा एकाच मालकाचा मळा १.८ हेक्टरांचा असून त्यातून वर्षाला पाच-सहा हजारांच्या आसपास बाटल्या निघतात. जगभरच्या मागणीपुढे ही संख्या नगण्य होय. मागणी वाढली म्हणून शेत वाढवता येत नाही, कारण शेताची सीमा हाच नावाचा अर्थ आहे. त्यात निसर्गाची भर पडते. २०१६ व २०२१ च्या एप्रिलमधील हिमतुषाराने पीक मोठ्या प्रमाणावर करपले. अशा वर्षी किंमत उतरत नाही, चढते. आणि पुढे पीक भरपूर आले तरी एकदा चढलेली किंमत सहसा मूळपदावर येत नाही.

५. दुकानातील किंमत

उत्पादकाच्या तळघरातून बाटली निघते तेव्हाची किंमत आणि दुकानाच्या फळीवरची किंमत यांत, विशेषतः मोठ्या नावांच्या बाबतीत, विलक्षण अंतर असते. याचे कारण वाटपपद्धती. विख्यात उत्पादक आपला माल लिलावाने किंवा बोलीने विकत नाही. तो जुन्या आयातदारांना, विक्रेत्यांना व भोजनगृहांना ठरावीक नग तुलनेने मवाळ दराने देतो. हे नग मिळत राहावेत म्हणून विक्रेता त्याच उत्पादकाच्या साध्या वाइनही दरवर्षी उचलतो. ज्याला हे नग मिळतात त्याच्यापुढे दोन मार्ग असतात : ठरल्या नफ्यावर आपल्या नित्याच्या ग्राहकाला द्यावेत, किंवा खुल्या बाजारातील दराने विकावेत. दोन दुकानांत एकच बाटली दुप्पट-तिप्पट फरकाने दिसते ती पुष्कळदा यामुळे. तेथे वाइनमध्ये फरक नसतो. ती दुकानात कोणत्या वाटेने आली, यात असतो.

म्हणून ग्राहकाने विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. बाटली उत्पादकाकडून वा अधिकृत आयातदाराकडून आली, की लिलावातून? ती कोठे व किती तापमानात ठेवली होती? (बारा-तेरा अंश सेल्सियसचे स्थिर तापमान योग्य मानतात.) आणि जुनी बाटली असल्यास मानेतील वाइनची पातळी किती खाली गेली आहे? पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर न मिळाल्यास पुढचे दोन विचारण्याचे कारण उरत नाही.

ज्याला नावापेक्षा वाइन हवी आहे त्याने उसने नाव न घेतलेल्या गावांकडे वळावे. मार्सानेसारख्या गावात ग्रां क्रू नाही. सँतोबां हे गाव मोंराशेच्या टेकडीलगत असूनही ते नाव त्याच्या नावात नाही. नाव साधे, म्हणून किंमत साधी. तसेच निष्णात उत्पादकाची नुसती ‘बुर्गोन्य’ नावाची बाटली ही त्याच्या हातोटीची सर्वांत स्वस्त ओळख असते. कायद्याने वाइन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरवता येते, खालून वर चढवता येत नाही. त्यामुळे खालच्या नावाखाली क्वचित वरच्या शेताचे द्राक्षही असते.

६. भोजनगृहातील किंमत

भोजनगृहात घाऊक किमतीच्या तिप्पट, क्वचित त्याहूनही अधिक, दर लावण्याची प्रथा सर्वत्र आढळते. पेले, सेवक, तळघर, फुटतूट आणि अडकून पडलेले भांडवल यांचा खर्च त्यातून निघावयाचा असतो. परंतु ही पट सर्व बाटल्यांना सारखी लावली तर काय होते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. ४० युरोंची बाटली १२० ला विकल्यास भोजनगृहाकडे ८० युरो राहतात. ६०० युरोंची १,८०० ला विकल्यास १,२०० राहतात. बूच काढण्याचे व ओतण्याचे श्रम दोन्हीकडे सारखेच. यासाठी विचारी मालक बाटली जितकी महाग तितकी पट कमी करीत जातो, किंवा प्रत्येक बाटलीवर जवळपास सारखीच रक्कम चढवतो. यादीतील तळची व वरची एकेक ओळखीची बाटली निवडून तिची दुकानातील किमतीशी तुलना केली, की मालकाने कोणती रीत स्वीकारली आहे ते कळते. पट कमी होत गेलेली दिसल्यास तेथे वरच्या श्रेणीची बाटली मागवणे तुलनेने किफायतीचे ठरते. पट सारखी असल्यास खालच्याच श्रेणीत राहावे.

दुसरी गोष्ट जुन्या तळघरांची. काही भोजनगृहे बाटली विकत घेताना जी किंमत पडली तिच्यावरच नफा लावतात आणि बाजार चढला तरी यादी बदलत नाहीत. अशा ठिकाणी पंधरा वर्षांपूर्वीची बाटली आजच्या दुकानापेक्षाही स्वस्त मिळू शकते. विख्यात उत्पादक आपले नग भोजनगृहांना आनंदाने देतात त्यामागेही हेतू आहे : भोजनगृहातील बाटली पुन्हा बाजारात जात नाही, ती प्याली जाते. पेल्याने विकल्या जाणाऱ्या वाइनचा दर मात्र पारखून घ्यावा. पहिल्या एक-दोन पेल्यांतच बाटलीची घाऊक किंमत वसूल करण्याचा प्रघात आहे. २०१३ पासून बाजारात असलेल्या ‘कोराव्हिन’ या उपकरणाने बूच न काढता सुईवाटे वाइन काढता येते. त्यामुळे मोठ्या नावाचा एकच पेला घेण्याची सोय झाली आहे, आणि शिकू पाहणाऱ्याला ती उपकारक आहे.

७. व्याकरणशुद्ध असत्य

नावाला एवढे मोल आले म्हणजे नकली नावे निघणे अपरिहार्य होते. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पोंसो या घराण्याच्या ‘क्लो सँ-दनी’च्या १९४५ पासून पुढील सालांच्या बाटल्या विक्रीस आल्या. घराण्याचे प्रमुख लोरां पोंसो स्वतः तेथे उपस्थित राहिले आणि त्या बाटल्या विक्रीतून मागे घेतल्या गेल्या. कारण त्यांच्या घराण्याने त्या शेताची वाइन करण्यास १९८० नंतरच्या दशकात सुरुवात केली होती. बाटल्या पुरवणारा रूडी कुर्नियावान २०१३ मध्ये दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या लेबलांवरील गाव, शेत, उत्पादक आणि साल हे चारही घटक स्वतंत्रपणे खरे होते. त्यांचा संयोग मात्र कधीही अस्तित्वात आला नव्हता. वाक्य व्याकरणशुद्ध असून असत्य असू शकते, याचे इतके महाग उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

याउलट ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्येच १९४५ सालच्या रोमाने-कोंतीची एक बाटली ५,५८,००० डॉलरांना गेली. वाइनच्या बाटलीला लिलावात तोपर्यंत एवढी किंमत आली नव्हती. त्या साली सुमारे ६०० बाटल्याच निघाल्या होत्या आणि त्यानंतर जुन्या वेली उपटून टाकण्यात आल्या, हे एक कारण. दुसरे कारण असे, की ती बाटली रोबेर द्रुआँ यांच्या तळघरातून थेट आली होती, आणि द्रुआँ पेढी पूर्वी त्या मळ्याच्या वाइनची वितरक होती. क्रिप्की या तत्त्वज्ञाने १९७० च्या व्याख्यानांत मांडले, की विशेषनाम वस्तूपर्यंत पोचते ते वर्णनामुळे नव्हे, तर एकाकडून दुसऱ्याकडे चालत आलेल्या साखळीमुळे. जुन्या बाटलीच्या बाबतीत ही साखळी अक्षरशः तपासता येते, आणि तिच्यातील एक कडी तुटली की नाव पोकळ होते.

८. नाव आणि माणूस

या सर्व विवेचनातून ग्राहकाचा लाभ साधेल. परंतु नावाच्या किमतीची झळ केवळ ग्राहकालाच लागते असे नाही. उगमनामांना संरक्षण देण्यात आले ते दुसऱ्या मुलखातील वाइनला बरगंडीचे नाव लावून शेतकऱ्याला बुडवणाऱ्या व्यापाराला आळा बसावा म्हणून. तो हेतू बव्हंशी सफल झाला. पण नाव जितके सुरक्षित झाले तितकी त्या नावाची जमीन महागली. कोत दोरमधील ग्रां क्रू जमिनीचा सरासरी दर हेक्टरी साठ लाख युरोंच्या पुढे गेला आहे. ज्या कुटुंबाकडे वडिलोपार्जित अर्धा हेक्टर आहे ते कागदोपत्री धनाढ्य ठरते. वारसाकराची आकारणी या दराने होते आणि भावंडांना वाटणी देण्याची वेळ आली की वाइनच्या उत्पन्नातून ती रक्कम उभी राहत नाही. मग जमीन विकली जाते, आणि ती घेण्याचे सामर्थ्य शेजारच्या शेतकऱ्यात नसते. मोरे-सँ-दनी या एकाच गावातील क्लो दे लांब्रे हा मळा २०१४ मध्ये चैनीच्या वस्तूंच्या एका बलाढ्य उद्योगसमूहाकडे, आणि क्लो द तार २०१७ मध्ये तशाच दुसऱ्या उद्योगपती घराण्याकडे गेला.

शेतकऱ्याने शेताला नाव दिले, कायद्याने नावाला संरक्षण दिले, बाजाराने नावाला किंमत दिली. आणि आता तीच किंमत नाव देणाऱ्याच्या वंशजाला शेतावरून उठवू पाहत आहे. पुढील बाटली हाती घेताना ग्राहकाने लेबलावरील शेताचे नाव वाचावे, गावाचे संयोगचिन्ह ओळखावे, साल पाहावे, बाटली कोणत्या वाटेने आली ते विचारावे. परंतु सर्वांत आधी तळाशी बारीक अक्षरांत छापलेले उत्पादकाचे नाव वाचावे. श्रेणी लावताना कायद्याने तेवढे एकच नाव जमेस धरलेले नाही, आणि जमिनीचा गुण पेल्यापर्यंत पोचवण्याचे काम मात्र तोच माणूस करीत असतो.